मेण जाते, मूर्ती राहते

जालना जिल्ह्यातले पिंपळगाव रेणुकाई बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे ते मिरचीच्या बाजारामुळे. भोकरदन तालुक्यातल्या या गावाच्या नावातच देवी आहे. त्यामुळे इथल्या किंवा आसपासच्या कुठल्याही घरातल्या देव्हाऱ्यात डोकावले, तर दोन तऱ्हेचे धातूचे देव दिसण्याची शक्यता मोठी. एक म्हणजे कुलदैवताचे टाक, चपटे आणि पत्र्याचे. दुसरी तऱ्हा म्हणजे लग्नात माहेरहून आलेली अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण, म्हणजे चारी बाजूंनी बघता येणाऱ्या मूर्ती.

या बाळकृष्णाकडे बघून लहान मुले एक प्रश्न विचारतात आणि मोठ्यांना त्याचे उत्तर देता येत नाही. बाळकृष्णाचा एक हात जमिनीवर टेकलेला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. पोट आणि जमीन यांच्यामध्ये मोकळी जागा, हात आणि छाती यांच्यामध्ये फट. मूर्ती साच्यातून काढली असेल, तर या फटीत साचा शिरला कसा? आणि शिरला असेल, तर मूर्ती न मोडता बाहेर आला कसा?

या प्रश्नाच्या उत्तरात एक भट्टी आहे आणि एक मधमाश्यांचे मोहोळ आहे. एकेक पायरी घेऊन बघू.

१. अडचण कुठे आहे?

धातूला आकार देण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत: ठोकणे, कापणे आणि ओतणे. टाक पहिल्या मार्गाने होतो. सोनार चांदीचा किंवा तांब्याचा पत्रा ठशावर ठेवून ठोकतो आणि देवाचा आकार उठवतो. पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट हंडे-घागरी करत आले, तेही ठोकूनच. कापण्याच्या मार्गात धातूच्या ठोकळ्यातून नको असलेला भाग काढून टाकायचा. त्याला वेळ फार लागतो आणि धातूचा चुरा फार होतो. तिसरा मार्ग ओतण्याचा. धातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, थंड होऊ द्यायचा. हा ज्यांचा पिढीजात धंदा, ते ओतारी.

ओतकामातली खरी कसोटी साचा काढताना लागते. उकडीच्या मोदकाचा साचा आठवा. त्याच्या पाकळ्या उघडतात आणि मोदक अलगद सुटतो, कारण मोदकाला कुठे आत वळलेला भाग नाही. पण मोदकाला हात फुटले आणि ते कमरेवर टेकवले, तर दोन पाकळ्यांचा साचा त्या हातांत अडकून बसेल. मूर्तीत असा अडकणारा भाग जितका जास्त, तितके साच्याचे तुकडे वाढवावे लागतात. बाळकृष्णाला पाच-सहा तुकडे लागतील. नटराजाला, भोवतीच्या ज्वाळा आणि मोकळ्या जटा धरून, किती लागतील ते मोजायलाच नको.

आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ लहान पितळी मूर्ती वाळूच्या साच्यात ओततात. त्यांच्या फटी आधी बुजवून साध्या केलेल्या असतात आणि नंतर कानशीने मोकळ्या करतात. असा बाळकृष्ण उलटा करून पाहिला, तर कुशीवरून जाणारी सांध्याची रेघ किंवा कानशीचे ओरखडे बहुधा सापडतात. जुन्या, बारीक कामाच्या मूर्तीवर असली रेघ नसते. तिथे कारागिराने अडचण वेगळ्या प्रकारे सोडवलेली असते.

२. साचा काढायचाच नाही

आधी मूर्ती मेणाची करायची. तिच्यावर मातीचा लेप चढवायचा. ओली माती मऊ असल्याने हाताखालच्या फटीत, बोटांच्या मध्ये, मुकुटाच्या नक्षीत सगळीकडे शिरते. लेप वाळला की त्याला शेक द्यायचा. मेण वितळते आणि ठेवलेल्या छिद्रातून वाहून जाते. आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू निवला की माती फोडून टाकायची.

म्हणजे साच्यातून दोनदा काहीतरी बाहेर येते, पण दोन्ही वेळा अडकत काहीच नाही. मेण द्रव होऊन जाते आणि माती तुकडे होऊन जाते. किंमत एकच: साचा एकदाच वापरता येतो. दुसरी मूर्ती हवी असेल, तर पुन्हा मेणापासून सुरुवात. ओतताना धातू कमी पडला किंवा मध्येच गोठला, तर मेणाची मूर्तीही गेलेली असते आणि साचाही.

संस्कृत ग्रंथांत या पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे उरलेले ते, अर्थात मेण.

३. मेण येते कुठून?

मोहोळ पिळून मध काढला की हातात जो चोथा राहतो, त्याला पुष्कळ जण झाडाचा चीक किंवा फुलातला काही पदार्थ समजतात. मेण फुलात नसते. ते माशीच्या अंगात तयार होते.

मोहोळातल्या कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची असताना या ग्रंथी भरात असतात. त्यातून पाझरलेला द्रव हवेत येताच गोठतो आणि त्याची पातळ, पारदर्शक कपची बनते. तिचे वजन एक मिलिग्रॅमच्या आसपास. माशी मागच्या पायाने ती कपची ओढते, तोंडाशी आणते, चावून मऊ करते आणि पोळ्याच्या कडेला थापते. ताजे मेण पांढरे असते. पिवळेपणा मागाहून परागकणांमुळे येतो.

मेण तयार करायला साखर लागते आणि ती मधातून येते. पाळीव मधमाश्यांवरच्या निरीक्षणांतून असा अंदाज बांधला जातो की एक किलो मेण तयार करायला माश्या सहा ते आठ किलो मध खर्च करतात. म्हणून मेण त्यांना फार काटकसरीने वापरावे लागते. खोलीची भिंत एक दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ ठेवतात आणि सगळ्या खोल्या षटकोनी करतात, म्हणजे प्रत्येक भिंत दोन खोल्यांना सामाईक होते. परिणाम असा की ४० ग्रॅम मेणाचे पोळे पावणेदोन किलोपेक्षा जास्त मध पेलते.

आपल्याकडे मेण देणाऱ्या माश्या मुख्यतः तीन. उंच झाडावर किंवा कड्याला एकच मोठे उघडे पोळे बांधणारी आग्या, ढोलीत किंवा बिळात अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी आणि झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. भोकरदनच्या उत्तरेकडे अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिथल्या कड्यांना लटकलेली आग्या मोहोळे लेणी बघायला जाणाऱ्यांनी पाहिली असतील आणि काहींना त्यांचा प्रसादही मिळाला असेल. सातेरी पेटीत पाळता येते, आग्या नाही. आग्याचा मध आणि मेण घ्यायचे, तर जंगलातच जावे लागते.

मेण शुद्ध करणे सोपे आहे. चोथा पाण्यात उकळायचा, कापडातून गाळायचा आणि पाणी निवू द्यायचे. मेणाची घनता ०.९६ आहे, म्हणजे ते पाण्याहून किंचित हलके. ते वर तरंगून थापी जमते आणि घाण खाली राहते.

४. मेणच का? साखर, चरबी, लाकूड का नाही?

हा या प्रकरणाचा मधला सांधा आहे. मूर्तिकाराला पदार्थ हवा तो पाच अटी पाळणारा. हाताच्या उबेने मऊ व्हावा, पण मग दिलेला आकार सोडू नये. नखाची रेघसुद्धा धरून ठेवावी. ओल्या मातीतले पाणी पिऊन फुगू नये. माती तडकणार नाही इतक्या कमी उष्णतेत वितळावा. आणि शेवटी मागे राख ठेवू नये, कारण राखेचा कण पोकळीत राहिला की मूर्तीवर तिथे खड्डा पडतो.

चरबी मऊ फार, आकार धरत नाही. साखर पाण्यात विरघळते. लाकूड वितळत नाही, जळते आणि राख ठेवते. मेण मात्र पाचही अटी पुऱ्या करते. बत्तीस ते पस्तीस अंशांना ते कमावण्याजोगे होते, बासष्ट ते पासष्ट अंशांच्या दरम्यान वितळते, पाण्याला दाद देत नाही आणि जे मातीत मुरते ते पुढच्या आचेत जवळजवळ निःशेष जळून जाते.

आता हेच मोहोळाच्या बाजूने पाहा. पिल्ले वाढवण्यासाठी माश्या पोळ्याच्या मध्यभागाचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांवर राखतात. नेमके याच तापमानाला मेण त्यांच्या जबड्याला वळवता येईल इतके मऊ असते. पण वितळण्याचा बिंदू त्याच्या जवळजवळ तीस अंश वर असल्याने भर उन्हाळ्यातही पोळे गळून पडत नाही. मध आणि ओलावा यांनी भिंत भिजत नाही. माशीला बांधकामासाठी जे गुण हवेत आणि ओताऱ्याला साच्यासाठी जे गुण हवेत, त्यांतले बहुतेक एकच आहेत. फक्त राख न ठेवण्याच्या गुणाशी माशीला काही देणे-घेणे नाही. तो मूर्तिकाराला फुकट मिळालेला लाभ आहे.

मूर्तिकार मेण एकटे क्वचितच वापरतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा मेणाची बोटे आपोआप वाकतील. म्हणून त्यात राळ मिसळून ते कडक करतात, आणि फारच ठिसूळ झाले तर थोडे तेल घालून मऊ करतात. तमिळनाडूतल्या स्वामीमलैचे मूर्तिकार आणि बस्तरचे घडवा कारागीर, दोघेही राळ-मेणाचे असे मिश्रण वापरत आले आहेत.

५. एका राजाने लिहून ठेवलेली कृती

ही कृती कोणी सविस्तर लिहून ठेवली आहे का? आहे, आणि तीही आपल्या भागावर राज्य करणाऱ्या राजाच्या नावावर. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. त्याची राजधानी आजचे बसवकल्याण. त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, ज्याला ‘अभिलषितार्थचिंतामणि’ असेही म्हणतात, राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळे आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात ही नोंदही त्यातच आहे. मूर्ती ओतण्याची कृती पुढीलप्रमाणे सांगितली आहे.

मेणाची मूर्ती प्रमाणात घडवावी. तिच्या पाठीला, खांद्यांना आणि मानेला किंवा मुकुटाला धोत्र्याच्या फुलाच्या आकाराच्या नळ्या जोडाव्यात. मग मातीचे तीन लेप द्यावेत. मातीत जळका कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती गुळगुळीत दगडावर वाटावी. पहिला लेप अगदी पातळ, सावलीत वाळवलेला. दोन दिवसांनी दुसरा. तो वाळला की तिसरा जाड. शेवटी आच देऊन मेण काढावे आणि धातू ओतावा.

यातल्या जवळजवळ प्रत्येक सूचनेला कारण आहे. पहिला लेप पातळ आणि वाटलेल्या मातीचा, कारण मूर्तीवरची नक्षी तोच उचलतो. सावलीत वाळवायचा, कारण उन्हात मेण मऊ पडते आणि माती तडकते. कोंड्यामुळे माती सच्छिद्र राहते आणि ओतताना कोंडलेल्या हवेला वाट मिळते. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. नळ्या एकापेक्षा जास्त, कारण धातू आत जाण्याची वाट आणि हवा बाहेर जाण्याची वाट वेगळी हवी. साचा ओतण्याआधी तापवायचा, त्यामागे आणखी दोन कारणे: थंड साच्यात धातू बोटांच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच गोठतो, आणि मातीत ओल राहिली असेल तर तिची एकदम वाफ होऊन धातू बाहेर उसळतो.

६. धातू किती घ्यायचा? एक हिशेब

ओताऱ्यापुढचा सर्वांत व्यवहारी प्रश्न हा. पोकळीत किती धातू मावेल हे आत डोकावून कळत नाही, आणि कमी पडला तर मध्ये थांबून आणखी वितळवता येत नाही. ‘मानसोल्लासा’तले उत्तर साधे आहे: मातीचा लेप देण्याआधी मेणाची मूर्ती तोलून ठेवा. तांबे-पितळ मेणाच्या आठ-दहा पट घ्या, चांदी बारा पट, सोने सोळा पट.

आजच्या घनतांनी हे पडताळून बघू. मेण ०.९६, पितळ साधारण ८.५, तांबे ८.९६, चांदी १०.५. पोकळीचा आकार तोच राहणार असल्याने वजनाचे गुणोत्तर म्हणजे घनतांचे गुणोत्तर. पितळ येते सुमारे नऊ पट, तांबे सव्वानऊ पटींहून किंचित जास्त, चांदी अकरा पट. नळ्यांसह मूर्तीला २५० ग्रॅम मेण लागले असेल, तर पितळ लागेल २ किलो २०० ग्रॅमच्या आसपास, तांबे सव्वादोन किलोहून थोडे जास्त आणि चांदी पावणेतीन किलो. ग्रंथाच्या हिशेबाने चांदी तीन किलो घ्यायची, म्हणजे पाव किलो हाताशी जादा. सोन्याचा आकडा मात्र वेगळा पडतो. शुद्ध सोने मेणाच्या वीस पट भरते, अठरा कॅरेटचे सोळा पटींच्या आसपास.

घरातली पितळी मूर्ती भरीव आहे की पोकळ, हेही याच तत्त्वाने कळते. समजा, मूर्तीचे वजन ४२५ ग्रॅम आहे. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात ती बुडवली आणि ५० मिलिलिटर पाणी सांडले. ४२५ भागिले ५०, उत्तर साडेआठ. म्हणजे मूर्ती भरीव. तेवढ्याच वजनाच्या मूर्तीने ८० मिलिलिटर पाणी सांडले, तर उत्तर सव्वापाचच्या आसपास येते. म्हणजे आत पोकळी किंवा माती आहे. मूर्तीचा तळ उघडा असेल, तर पाणी आत शिरणार नाही असा बंद करून मगच बुडवावी.

पोकळ मूर्ती करण्याची रीतही मेणाचीच आहे. आधी मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि वरून लेप. मग धातू फक्त मेणाच्या थराची जागा घेतो. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये ढोकरा काम होते ते असे. तिथले कारागीर मेणाचे लांब धागे काढतात आणि गाभ्यावर गुंडाळतात. त्या धाग्यांच्या रेघा तयार पितळेवर जशाच्या तशा दिसतात. धातू वाचतो आणि मूर्ती उचलायला हलकी होते.

७. दायमाबादचा रथ आणि ६५ लाख कपच्या

महाराष्ट्रात ही विद्या किती जुनी? अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे झाडाचे खोड खणून काढताना चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला आणि उभा सारथी असलेला रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. रथ ४५ सेंटिमीटर लांब. चारही भरीव ओतकामाच्या, एकत्र वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाबद्दल पुरातत्त्वज्ञांत वाद आहे. बरेच जण त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. त्या मेणाच्या पद्धतीने ओतल्या गेल्या, असे सर्वसाधारण मत आहे.

हे मत धरून मागच्या विभागातला हिशेब उलटा करू. साठ किलो तांब्याला सव्वानऊने भागले, की मेण येते साडेसहा किलो. एक कपची एक मिलिग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमला हजार कपच्या आणि साडेसहा किलोंना पासष्ट लाख. त्यासाठी माश्यांनी खाल्लेला मध चाळीस ते पन्नास किलो. प्रवरेकाठच्या कारागिराला तांबे मिळवायला जशी व्यापाराची वाट लागली असेल, तसे मेण मिळवायला मोहोळे उतरवणारी माणसे लागली असणार. अर्थात मेण एकाच कामात संपत नाही. वाहून आलेले मेण भांड्यात धरून ओतारी पुन्हा वापरतो. फक्त मातीत मुरलेले तेवढे जळते.

८. जालन्याच्या भट्टीत मेण का लागत नाही?

पिंपळगावहून जिल्ह्याच्या गावी गेले, की जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून पोलाद करणारे कारखाने आहेत. तिथेही धातू ओततातच, तोही दीड हजार अंशांच्या वर. पण तिथे ओततात ती सरळ लांबट कांडी, जी पुढे लाटून बांधकामाची सळई होते. कांडीला हातही नाहीत आणि फटीही नाहीत. सरळ साच्यातून ती सरळ बाहेर येते. जिथे आकार साधा तिथे मेणाचा खटाटोप कोणी करत नाही.

आकार अवघड झाला की मात्र आधुनिक कारखानाही मेणाकडे वळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दंतवैद्यांनी दाताच्या सोन्याच्या टोप्या अशा ओतायला घेतल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांचे भाग असे ओतण्याला वेग आला. आज जेट इंजिनातली पाती, खुब्याचे कृत्रिम सांधे आणि सराफाकडची ‘कास्टिंग’ची अंगठी, सगळीकडे तीच पद्धत आहे. मातीच्या जागी चिनी मातीच्या जातीचा लेप आला. मेणही बहुतेक ठिकाणी खनिज तेलातून काढलेले असते, कारण ते स्वस्त आणि हवे तितके मिळते.

मधमाशीच्या मेणाचा पुरवठा न वाढण्यामागे तिसऱ्या विभागातला तोच हिशेब आहे. पेटीतला मध आता यंत्रात फिरवून काढतात आणि रिकामे पोळे माश्यांना परत देतात. पोळे पिळले असते तर मेण हाती आले असते, पण माश्यांना ते पुन्हा बांधायला दर किलोमागे सहा-आठ किलो मध खर्चावा लागला असता. मध विकणाऱ्याला तो सौदा परवडत नाही.

मेणाच्या पद्धतीची मर्यादाही दुसऱ्या विभागात येऊन गेली आहे: एका मूर्तीला एक साचा. एकाच मापाचे हजार पंप किंवा हजार इंजिने ओतायची, तर दर वेळी मेण घडवत बसता येत नाही. तिथे हवा असा साचा, जो मिनिटांत भरता येईल, मोडता येईल आणि त्याच मालातून पुन्हा बांधता येईल. कोल्हापूरच्या ओतशाळांनी त्यासाठी वाळू निवडली. भुसभुशीत वाळू वितळलेल्या लोखंडापुढे कशी टिकते, हे पुढच्या प्रकरणात पाहू.